घरी बनवलेल्या रिकंबंट ट्राइकचं पुढचं स्टिअरिंग: टायर जिथे टेकतो तिथून सुरुवात करा

माझ्या पहिल्या रिकंबंट ट्राइकचे, म्हणजे रेलून बसून चालवायच्या तीनचाकी सायकलचे, पुढचे दोन्ही टायर ४०० किलोमीटरमध्ये संपले. संपले म्हणजे खरंच संपले, पट्ट्यावरून हात फिरवला की एका बाजूने गुळगुळीत आणि उलट्या बाजूने करवतीसारखं लागायचं, एका ठिकाणी तर आतला धागा दिसायला लागला होता. आणि गंमत बघा, त्याआधी मी सहा महिने फक्त अ‍ॅकरमनच्या गणितात, म्हणजे वळताना आतलं आणि बाहेरचं चाक किती किती वळलं पाहिजे या हिशोबात, घालवले होते, वहीभर कोन काढले होते, आणि शेवटी चूक निघाली ती टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना बांधणारा दांडा) पाऊण आटा जास्त फिरवला होता तिथे.

म्हणून आता कोणी विचारलं की मी एकच सांगतो, स्टिअरिंग वरून खाली डिझाईन करू नका. हँडल कसं छान दिसेल, पाईप कुठून वळवायचा हे सगळं नंतर. टायर जमिनीला टेकतो त्या दोन ठिपक्यांपासून सुरुवात करायची आणि वर चढत जायचं. अ‍ॅकरमन थोडं चुकलं तरी ट्राइक चालते, पण तो ठिपका, टो (वरून बघता चाकं किती समांतर आहेत ते) आणि सांध्यातला प्ले (ढिलेपणा) यातलं एक जरी चुकलं तरी ती चालवणाऱ्याला रडवते.

इथे मी टॅडपोल ट्राइकबद्दल बोलतोय, म्हणजे पुढे दोन चाकं, मागे एक, आणि माणूस मधे रेलून बसलेला. रिक्षासारखी पुढे एक मागे दोन ती डेल्टा, तिचं स्टिअरिंग म्हणजे साध्या सायकलचंच, त्यात फार डोकं लावायला नको. आणि मागचं चाक वळवायची आयडिया दर दोन महिन्यांनी कोणाला तरी सुचते, ती करू नका, वेग वाढला की मागून वळणारी गाडी सांभाळता येत नाही.

आधी चार आकडे ठरवा

एक मोठा कार्डशीट किंवा जमिनीवर खडूने फुल साईज चित्र काढा. कॉम्प्युटरवर काढलंत तरी चालेल पण जमिनीवरच्या चित्रात स्वतः बसून बघता येतं, पाय कुठे येतात, गुडघा कशाला लागतो ते कळतं, म्हणून मी अजूनही खडूवाला आहे.

व्हीलबेस, म्हणजे पुढचा एक्सल ते मागचा एक्सल, मी १०५० मिमी ठेवला. ट्रॅक, म्हणजे पुढच्या दोन टायरांच्या मध्यांमधलं अंतर, ७६० मिमी. यात टायरची जाडी धरली की बाहेरून बाहेर साधारण ८१० होतं, त्यामुळे आधी घराच्या दाराची चौकट आतून मोजा. हसू नका, आमच्या ओळखीच्या एकाची ट्राइक दोन वर्षं गच्चीवरच आहे.

चाक २० इंची. ट्राइक वळताना झुकत नाही, त्यामुळे चाकावर आडवा जोर येतो, सायकलच्या चाकाला असा जोर सोसायची सवयच नसते, आणि चाक जितकं मोठं तितकी त्याची बोंब जास्त. लहान मुलांच्या सायकलचं २० × १.७५ टायर कुठेही मिळतं. फक्त टायरच्या बाजूला ४७-४०६ असं लिहिलेलं बघून घ्या, कारण २० इंची म्हणून ४५१ चा रिमही विकतात आणि दोन्ही एकमेकांना बसत नाहीत. हे टायर भरून, वजन पडल्यावर एक्सलपासून जमिनीपर्यंत साधारण २४५ मिमी भरतं. हा २४५ लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

चौथा आकडा म्हणजे वजन कुठे पडतं. सीट अंदाजे ठेवून बसा, पुढच्या दोन्ही चाकांखाली घरातले वजनकाटे ठेवा, मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी. एकूण वजनाच्या ६०-६५ टक्के पुढे पडलं पाहिजे. फार पुढे गेलं तर ब्रेक दाबला की मागचं चाक उचलतं, फार मागे गेलं तर वळणावर आतलं पुढचं चाक हवेत.

किंगपिनचा आतला झुकाव

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक पुढचं चाक एका खिळीभोवती वळतं, ती किंगपिन. चाक आणि किंगपिन एकाच जागी असू शकत नाहीत, हबची (चाकाच्या मधल्या भागाची) जाडी आहे, ब्रेकची डिस्क आहे, नकल (एक्सल धरून किंगपिनवर फिरणारा तुकडा) आहे, त्यामुळे एक्सलच्या उंचीवर किंगपिन चाकाच्या मध्यापासून आत सरकलेली असते. माझ्याकडे ६२ मिमी आत. ही किंगपिन सरळ उभी ठेवलीत तर ती जमिनीलाही ६२ मिमी आतच भेटते, म्हणजे टायरचा ठिपका किंगपिनपासून ६२ मिमी बाहेर. आता डावा ब्रेक एकट्याने २० किलोच्या जोराने लागला, तर तो जोर त्या ६२ मिमीच्या हाताने चाक पिळतो, आणि तुमचा स्टिअरिंग आर्म (नकलपासून टाय रॉडपर्यंतची छोटी दांडी) ८० मिमीचा असेल तर टाय रॉडवर १५ किलोचा झटका येतो. हँडल हातातून ओढलं जातं. खड्ड्यात एक चाक गेलं तरी तेच.

उपाय सोपा आहे, किंगपिनचं वरचं टोक आत झुकवायचं, इतकं की तिची रेघ खाली वाढवली तर बरोबर टायरच्या ठिपक्यावर पडेल. याला सेंटर पॉइंट स्टिअरिंग म्हणतात. ६२ भागिले २४५ म्हणजे ०.२५३, हा ज्या कोनाचा टॅन्जंट तो कोन १४ अंश. बास, एवढंच गणित. तुमचं अंतर ७५ असेल तर १७ अंश येईल. २० च्या वर जाऊ लागलं तर कोन वाढवू नका, हब आत ढकला, नकल बारीक करा, कारण जास्त झुकाव असला की चाक वळताना वेडंवाकडं कलतं.

हे एकदा नीट झालं की एका हाताने ब्रेक मारूनही ट्राइक सरळ थांबते. मी नवीन ट्राइकची पहिली परीक्षा हीच घेतो.

मागचा झुकाव

आता तीच किंगपिन बाजूने बघा. वरचं टोक मागे झुकलेलं हवं, याला कॅस्टर म्हणतात. सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं चाक जसं आपोआप मागे राहतं तसंच, किंगपिनची रेघ जमिनीला टायरच्या ठिपक्याच्या पुढे भेटते आणि टायर मागून ओढत येतो, म्हणून हात सोडला तरी गाडी सरळ राहायला बघते. १२ अंश ठेवले तर हे अंतर २४५ गुणिले ०.२१३ म्हणजे ५२ मिमी येतं. ८ अंशाला ३४, १५ अंशाला ६६. मी १२ वर खूश आहे. कमी ठेवलं तर वेगात हँडल उगाच चुळबुळ करतं, जास्त ठेवलं तर जड होतं.

दोन झुकाव एकदम म्हटलं की वेल्डरच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि बरोबर आहे त्याचं, असा दुहेरी कोन हवेत धरून टाका मारणं कठीणच. पण एक युक्ती आहे. पुढचा आडवा पाईप जर सरळ असेल, म्हणजे डावीकडून उजवीकडे एका रेषेत, तर दोन्ही हेडट्यूब (ज्या नळीत किंगपिन बसते त्या) आधी टेबलावर सपाट ठेवूनच फक्त १४ अंशाने त्याला जोडून टाकायच्या. टेबलावर सगळं एकाच पातळीत आहे, गुण्या लागतो, कोनमापक लागतो, काही त्रास नाही. मग तो अख्खा आडवा पाईप मधल्या पाईपला जोडताना स्वतःभोवती १२ अंश मागे फिरवायचा. दोन्ही बाजूंना एकदम आणि अगदी सारखा कॅस्टर मिळतो. पहिल्या ट्राइकला मी आडवे पाईप व्ही आकारात दिले होते, दिसायला भारी, पण एका बाजूला कॅस्टर ११ आणि दुसऱ्या बाजूला १३ झाला आणि ती कायम डावीकडे ओढायची.

अ‍ॅकरमन, जेवढं लागतं तेवढंच

ऊसाची चार चाकी ट्रॉली बघितली असेल. तिचा पुढचा धुरा अख्खाच्या अख्खा मधल्या खिळीवर फिरतो. वळण कडक घेतलं की चाकं पोटाखाली जातात आणि ट्रॉली कलंडायला बघते. जुन्या घोडागाड्यांचंही असंच होतं. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने धुरा जागच्या जागी ठेवून दोन्ही चाकं आपापल्या खिळीवर वळवायची रचना केली, आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमनने लंडनमध्ये त्याच्यातर्फे तिचं पेटंट घेतलं. नाव एजंटचं राहिलं, कारागीर विसरला गेला.

गोष्ट इतकीच की वळताना आतलं चाक लहान गोलात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या, म्हणून आतलं चाक जास्त वळलं पाहिजे. माझ्या मापात आतलं ३० अंश वळलं तर बाहेरचं साधारण २२ अंश हवं. त्या स्थितीत बाहेरचं चाक साधारण साडेपाच मीटर व्यासाच्या गोलात फिरतं, आतलं ३५ अंश केलं तर ५ मीटर.

हा फरक मिळवायला स्टिअरिंग आर्म सरळ मागे न ठेवता आत वळवतात. पुस्तकी नियम असा की वरून बघितलं तर किंगपिनपासून आर्मच्या टोकातून जाणाऱ्या दोन्ही रेषा मागच्या एक्सलच्या मध्यावर भेटल्या पाहिजेत. माझ्या किंगपिनमधलं अंतर एक्सलच्या उंचीवर ६३६ मिमी, म्हणजे निम्मं ३१८, व्हीलबेस १०५०, तर आर्म १७ अंश आत. मी तसं केलं, मग वहीत सोडवून बघितलं, आतलं ३० वळल्यावर बाहेरचं २५ वळत होतं. हवं होतं २२. म्हणजे नियम दिशा दाखवतो, पत्ता नाही सांगत. आर्मचा कोन वाढवत २६ अंशावर नेला तेव्हा बाहेरचं २२.५ आलं, आणि १० अंशाच्या हलक्या वळणाला ८.९ च्या जागी ९.१, म्हणजे जवळजवळ बरोबर. या कोनात रेषा मागच्या एक्सलच्या बऱ्याच पुढे, पुढच्या एक्सलपासून साधारण ६५० मिमीवर भेटतात.

गणित नको असेल तर एमडीएफच्या फळीवर फुल साईज मॉडेल करा. दोन स्क्रू म्हणजे किंगपिन, ६३६ अंतरावर. एमडीएफच्याच दोन पट्ट्या म्हणजे आर्म, प्रत्येकीला वर एक लांब पट्टी चिकटवा जी चाकाची दिशा दाखवेल, आणि टाय रॉड म्हणून भोकं पाडलेली पट्टी. खाली कोनमापकाची झेरॉक्स चिकटवा. आर्मच्या टोकाला दोन-तीन भोकं पाडून ठेवा, प्रत्येक भोकाला दोन्ही कोन मोजा. रविवारची दुपार जाते, पण लेथवाल्याकडे दोनदा जायचं वाचतं.

एक-दोन अंश चुकले तर? काही नाही. असले कडक वळण आपण गेटमधून आत येताना घेतो, तेव्हा वेग चालायचा असतो, टायर थोडं घासतं आणि विषय संपतो. म्हणून मी म्हणतो अ‍ॅकरमनच्या मागे झोप घालवू नका.

टाय रॉड एक्सलच्या मागे ठेवा. पुढे ठेवायचा तर आर्म आत नाही, बाहेर वळवावे लागतात आणि ते थेट स्पोकमध्ये किंवा डिस्कमध्ये घुसतात. मागे ठेवताना मात्र तो मधल्या पाईपच्या खालून जाईल आणि पूर्ण वळवल्यावर पाईपला, सीटच्या पट्टीला, कशालाच लागणार नाही हे चित्रावरच तपासा. आणि ३५ अंशाला स्टॉपर द्या, साधा बोल्ट वेल्ड केला तरी पुरे. स्टॉपर नसेल आणि आर्म फिरत फिरत टाय रॉडच्या सरळ रेषेत गेला तर स्टिअरिंग तिथेच अडकतं.

नकल, एक्सल आणि टर्नरकडची गंमत

किंगपिनला दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सायकलचाच हेडट्यूब आणि हेडसेट (त्यातले बेअरिंग), साधारण सव्वा इंचाचा, तयार मिळतो, प्ले काढता येतो. दुसरा म्हणजे १६ मिमीची ब्राइट बारची (गुळगुळीत लोखंडी सळईची) पिन आणि गनमेटलचे बुश (पिन ज्यात फिरते त्या छोट्या नळ्या). आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात गनमेटल बुश करून देणारे गल्लोगल्ली आहेत, म्हणून मी दुसरा रस्ता धरला, ग्रीस निपल बसवलं, दोन वर्षं झाली, झिजून प्ले आलेला नाही. बुश मात्र वर आणि खाली लांब अंतरावर हवेत, किमान ८० मिमी, जवळ ठेवलेत तर थोडीशी झीजसुद्धा चाकाच्या टोकाला मोठी होऊन दिसते.

एक्सल एकाच बाजूने धरलेला असतो आणि आडवा जोर त्याच्यावर येतो हे विसरू नका. हिशोब करून बघा, माणूस धरून ट्राइक १२० किलो, वळणावर बाहेरच्या चाकाला आडवा ३८-३९ किलोचा जोर आला आणि तो जमिनीवर, एक्सलच्या २४५ मिमी खाली. वरचं वजन उलट्या बाजूने थोडं सावरतं पण तरी साध्या लोखंडाचा १२ मिमी एक्सल वाकतो. माझा वाकला. त्यानंतर २० मिमी एक्सल केला, अ‍ॅल्युमिनियम बारमधून हब टर्न करून घेतला, ३६ भोकं, आत ६००४ नंबरचे दोन बेअरिंग. ६००४ म्हणजे आत २०, बाहेर ४२, जाडी १२, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, दोन्ही बाजूंना रबर सील असलेलंच घ्या. तयार हब हवा तर डाउनहिल सायकलचे २० मिमी एक्सलवाले हब ऑनलाइन मिळतात, डिस्कच्या सहा भोकांसकट.

एक्सल म्हणून हाय टेन्साइल बोल्ट वापरायचा असेल तर वापरा, पण त्याला वेल्ड करू नका. ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडचा बोल्ट तापवला की त्याचा टेम्पर (कडकपणा) जातो किंवा वेल्डच्या कडेला तो ठिसूळ होतो, आणि तो तुटणार कधी, तर उतारावर. बॉसमध्ये (नकलच्या जाड नळकांड्यात) आटे पाडून बसवा, मागून नट मारा.

नकलचा कोन असा, समोरून बघितलं तर किंगपिन १४ अंश झुकलेली आहे आणि एक्सल जमिनीला समांतर हवा, म्हणजे एक्सल आणि किंगपिनमधला वरच्या बाजूचा कोन ९० नाही, १०४. खालच्या बाजूने मोजाल तर ७६. हे दोन्ही आकडे ड्रॉइंगवर लिहा आणि शेजारी मोठ्या अक्षरात डावं, उजवं. मी एकाच नकलचं ड्रॉइंग काढलं आणि खाली नग दोन लिहिलं. टर्नरने अगदी सुबक दोन नकल दिले, दोन्ही उजवे. चूक माझीच, पण त्याच्या टपरीवर आठवडाभर चेष्टा चालू होती, चहा मलाच द्यावा लागला.

सांधे

टाय रॉडच्या टोकांना रॉड एंड (आत फिरणारी गोळी असलेला सांधा) लावा, एम८ पुरतो. एका टोकाला साधा आटा, दुसऱ्या टोकाला उलटा आटा घ्या, दुकानात लेफ्ट हँड म्हणून मागा. मग रॉड जागेवर ठेवून नुसता फिरवला की लांबी कमी-जास्त होते, दोन्ही बाजूंना चेकनट (आटा आपोआप फिरू नये म्हणून कसायचा नट). स्कूटरच्या गिअरचे जुने सांधे, सायकलच्या ब्रेकचे तुकडे असले जुगाड इथे नको, बाकी ट्राइकवर हवे तेवढे करा.

अजून एक, रॉड एंडचा बोल्ट बसवताना बाहेरच्या बाजूला रॉड एंडच्या तोंडापेक्षा मोठा वॉशर टाका. आतली गोळी झिजून निसटली तरी वॉशरमुळे रॉड लोंबकळत राहतो, गळून पडत नाही. पाच रुपयांचा वॉशर आहे. नट नायलॉकचेच (आत नायलॉनची कडी असलेले), एकदा काढले की नवीन.

हँडल

इथे प्रत्येकाची आवड. सगळ्यात सोपं म्हणजे डायरेक्ट, दोन्ही किंगपिनच्या वर एकेक दांडी, दोन हातांत दोन दांड्या, टाय रॉड दोघांना बांधतो. कमी भाग, कमी प्ले, पण खड्ड्याचा प्रत्येक झटका सरळ मनगटात. ब्रिटिश डिझायनर माइक बरोज यांच्या विंडचीता ट्राइकला तर मधोमध जॉयस्टिक आहे.

मी सीटखालचं हँडल केलं, मधल्या पाईपवर एक खुंटी, तिच्यावर फिरणारं रुंद हँडल, आणि खुंटीच्या आर्मपासून एका नकलला एक लिंक. खुंटीचा आर्म ६५ मिमी आणि नकलचा ८० ठेवला, म्हणजे चाक ३० अंश वळायला हँडल साधारण ३८ अंश फिरतं. वेगात हे बरं पडतं, हात थोडा हलला म्हणून गाडी हलत नाही. पाय मारताना माणूस सीटवर डावा उजवा डुलतो आणि डायरेक्ट स्टिअरिंगमध्ये तो डोल हँडलात उतरतो, गाडी नागमोडी जाते, इथे ते जवळपास गेलं.

वेल्डिंगचा क्रम

लोखंडी पाईप, भिंत १.६ ते २ मिमी. आडव्या पाईपला मधल्या पाईपपेक्षा जाड भिंत द्या. आधी सगळीकडे नुसते टाके मारा, चाकं बसवा, ओळंबा सोडा, माणूस बसवा, आणि मगच पूर्ण वेल्ड. पूर्ण वेल्ड एकाच बाजूने सलग ओढलात तर पाईप त्या बाजूला ओढला जातो, म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे, मधे थंड होऊ द्या. वेल्डर घाई करेल, त्याला चहा पाजत बसा.

माणूस बसल्यावर आडवा पाईप मधे थोडा दबतो आणि दोन्ही चाकांचं वरचं टोक किंचित आत झुकतं. चालतं. पण बाहेर झुकलेलं दिसलं तर कोन चुकलेत, तिथेच थांबा, टाके कापा.

टो, म्हणजे ज्याने माझे टायर खाल्ले

दोन्ही पुढची चाकं वरून बघितली तर समांतर हवीत, किंवा पुढच्या बाजूला अगदी १-२ मिमी जवळ. माझी १० मिमी जवळ होती. रिमच्या ४२० मिमीवर १० मिमी म्हणजे दिसायला काहीच नाही, पण प्रत्येक चाक दर किलोमीटरला जवळपास १२ मीटर बाजूला घासत होतं. ४०० किलोमीटरला किती ते तुम्हीच करा.

मोजायची रीत अशी. ट्राइक सपाट फरशीवर, टायरात पूर्ण हवा, आणि सीटवर तुमच्याच वजनाचा माणूस, कारण बसल्यावर मापं बदलतात. हँडल सरळ बांधून ठेवा. दोन्ही रिमच्या आतल्या कडेला एक्सलच्या उंचीवर, पुढच्या बाजूला खडूची खूण करा, दोन खुणांमधलं अंतर मोजा. आता ट्राइक पुढे ढकला, तीच खूण फिरून मागच्या बाजूला एक्सलच्या उंचीवर येईपर्यंत, आणि परत मोजा. खूण तीच ठेवायची, नाहीतर रिमचा डग (वाकडेपणा) मापात मिसळतो आणि तुम्ही टो समजून डग सरळ करत बसता. मागचं वजा पुढचं म्हणजे टो इन.

टेप लवचिक असतो, मधे पाईप आडवे येतात, म्हणून मी दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या एकमेकींवर सरकणाऱ्या करून घेतल्यात, मधे एक रबर बँड, टोकं रिमला टेकवायची, पेन्सिलने रेघ मारायची. अर्धा मिमी सुद्धा दिसतो.

टाय रॉड मागे आहे, तर तो लांब केला की चाकांची मागची बाजू फाकते आणि टो इन वाढतो. एम८ ला एका आट्याला १.२५ मिमी, दोन टोकं उलट सुलट म्हणून पूर्ण फेऱ्याला २.५ मिमी. ८० मिमीच्या आर्मवर हे रिमपर्यंत पोचेतो १४ मिमीच्या वर जातं. म्हणजे नुसता पाव फेरा साडेतीन मिमी. मी म्हटलं ना पाऊण आटा, बघा हिशोब जुळला. म्हणून षटकोनी रॉड वापरा आणि एकावेळी षटकोनाची एकच बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, फिरवा, चेकनट कसून परत मोजा, कारण चेकनट कसताना रॉड थोडा फिरतोच.

पहिली राईड

आधी चालवू नका, ढकला. कोणीतरी बसवून मोकळ्या मैदानावर ढकला, हात सोडायला सांगा, सरळ जाते का बघा. मग १० च्या वेगाने, एकेक ब्रेक वेगवेगळा दाबून. मग वळणं, हळूहळू कडक करत, कारण ही गाडी झुकत नाही, साधारण ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर १८-१९ च्या वेगाला आतलं चाक हलकं व्हायला लागतं, सीट उंच असेल तर त्याही आधी. ते कधी उचलतं हे मैदानात कळू द्या, रस्त्यावर नाही.

उतार सगळ्यात शेवटी. मी पन्हाळ्याहून वाघबीळकडे पहाटे उतरलो तेव्हा ३५ च्या आसपास हँडल थरथरायला लागलं, दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडत होती. अशा वेळी हँडल घट्ट पकडू नका, हलकं धरा आणि मागचा ब्रेक लावून वेग कमी करा. खाली येऊन शोधलं तर कोन सगळे ठीक, खालचा एक बुश अर्धा मिमी सैल निघाला, चूक टर्नरची नाही, मीच रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) जास्त फिरवला होता. नवीन बुश घातला, थरथर गेली. फडफड आली की हाच क्रम धरा, आधी बुश आणि रॉड एंड हाताने हलवून बघा, मग हबचे बेअरिंग, मग टो, आणि हे सगळं घट्ट असूनही फडफड राहिली तरच कॅस्टर वाढवायचा विचार करा.

५० किलोमीटर झाले की सगळे नट परत तपासा, चेकनट विशेषकरून, आणि प्रत्येक नटावरून बोल्टवर जाईल अशी पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढून ठेवा, पुढच्या वेळी नुसतं वाकून बघितलं तरी कोणता फिरलाय ते दिसतं.